लाइन इथंच संपली तर?

मी बडोद्याहून बोलतोय. आजचा विषय रणगाड्यांचा आहे, पण संगणकावरच्या. ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ नावाचा ऑनलाइन खेळ २०१० पासून चालू आहे. त्यात हेवी टँकची कोणती लाइन घ्यावी, हा प्रश्न मला इतक्यांनी इतक्या वेळा विचारलाय की एकदाच बसून नीट उत्तर द्यावं म्हटलं. जे खेळत नाहीत त्यांनीही थांबायला हरकत नाही, लागेल तेवढं समजावून सांगतो. आणि या प्रश्नाला मी एकदा फार घाईनं उत्तर दिलं होतं. त्याची किंमत माझ्या धाकट्या मामेभावानं मोजली. ती गोष्टही आज सांगणार आहे.

आधी खेळ म्हणजे काय ते. एका बाजूला पंधरा खेळाडू, दुसऱ्या बाजूला पंधरा. लढाई जास्तीत जास्त पंधरा मिनिटांची. तुमचा टँक फुटला की त्या लढाईपुरते तुम्ही बाद, पुन्हा जन्म नाही. टँकांच्या पायऱ्या असतात, त्यांना टियर म्हणतात. बरीच वर्षं दहावा टियर हे टोक होतं, २०२५ मध्ये अकरावाही आला. प्रत्येक देशाचं एक झाड असतं: रशियाचं, जर्मनीचं, अमेरिकेचं, फ्रान्सचं, ब्रिटनचं, आणखी कितीतरी. त्या झाडाच्या एकेका फांदीला आम्ही लाइन म्हणतो. खालच्या टँकवर खेळून अनुभवाचे गुण, म्हणजे एक्सपी मिळवायचे, मग वरचा टँक उघडतो. तो विकत घ्यायला खेळातली चांदी लागते. दहाव्या टियरच्या एका टँकला एकसष्ट लाख चांदी. आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

हेवी टँक म्हणजे जाड चिलखताचा, पुढं उभं राहून मार खाणारा आणि मार देणारा गडी. लाइट टँक टेहळणी करतो, मिडियम धावपळ करतो, हेवी वाट अडवतो. नवा माणूस खेळात आला की त्याचं मन बहुतेक वेळा हेवीवरच बसतं. आमचंही बसलं.

आम्ही तिघं. मी बडोद्यात, मावसभाऊ इंदूरला, आणि मामेभाऊ बेळगावात. तो आमच्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी लहान, म्हणून त्याला घरात सगळे धाकटा म्हणतात, मीही तेच म्हणतो. लहानपणी मे महिना आला की आम्ही मिरजेला आजीकडे जमायचो. आजी गेली, नंतर ते घरही विकलं. मग भेटी फक्त लग्नाकार्यात. अशात मावसभावानं हा खेळ शोधून काढला. यात तिघांची एक तुकडी करता येते, प्लाटून म्हणतात तिला. दर शनिवारी रात्री साडेनऊला तीन गावांतले तीन जण कानाला हेडफोन लावून बसायचे. खेळ निम्मा, गप्पा निम्म्या. मामांचा गुडघा कसा आहे, मावशीनं लोणच्याची बरणी कुणाबरोबर पाठवली, हे मला त्या काळात कळायचं ते सगळं शनिवारी. आजीच्या ओसरीवरचं बोलणं जणू तिथं सरकलं होतं.

धाकट्यानं एका शनिवारी विचारलं, “दादा, मला एक मोठी हेवी लाइन घ्यायचीय. कोणती घेऊ?”

मी विचारसुद्धा केला नाही. म्हटलं, “माउसची घे. सगळ्यात जाड चिलखत. पुढं नुसता उभा राहिलास तरी काम झालं.”

उत्तर खोटं नव्हतं. जर्मन झाडाची ती फांदी टायगर पी, व्हीके १००.०१ पी, मॉइशेन अशी चढत दहाव्या टियरला माउसपर्यंत जाते. खेळात माउस खरंच चालता डोंगर आहे. पण मी सांगितलं ते शेवटच्या टँकबद्दल. मधल्या टँकांबद्दल एक शब्द बोललो नाही. तो स्वतः कसा खेळतो, हे तर मनातही आणलं नाही.

धाकटा सातव्या टियरच्या टायगर पीपर्यंत पोचला. पुढचा व्हीके अवजड आणि हळू. त्याला तो आवडेना. दर शनिवारी तक्रार: “दादा, मी पोचेपर्यंत लढाई संपते.” मी म्हणायचो, “अरे, माउस येऊ दे, मग बघ.” शेवटी त्यानं एक दिवस जुन्या टँकांवर साठलेला एक्सपी खेळातलं सोनं वापरून मोकळा करून घेतला आणि मधल्या पायऱ्या ओलांडल्या. ते सोनं खऱ्या पैशांत घ्यावं लागतं. कॉलेजात होता, शिकवण्या घेऊन साठवलेल्यातले जवळपास तीन हजार रुपये त्यात घातले. कुणी त्याला जबरदस्ती केली नव्हती. पण ‘माउस येऊ दे’ हे वाक्य माझं होतं.

माउस आला. तीन आठवडे तो खेळला. वरच्या टियरला दुरुस्तीचा आणि दारूगोळ्याचा खर्च मोठा, हरलात तर बऱ्याचदा चांदी खिशातून जाते. एकसष्ट लाख देऊन त्याची तिजोरी आधीच रिकामी झाली होती. समोर दहाव्या टियरवर हजारो लढाया खेळलेले लोक. ते माउसचं चिलखत कुठं पातळ आहे हे पाठ असल्यासारखे खेळायचे, आणि धाकट्याला ते अजून शिकायचं होतं. एका शनिवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. मग मावसभाऊही म्हणाला, दोघांत मजा नाही रे. आमचा शनिवार संपला.

मला खेळ गेल्याचं काही वाटलं नाही. मामांचा गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे मला पंधरा दिवसांनी कळलं, तेव्हा वाटलं.

त्यानंतर मी एक वही काढली. इतकी वर्षं मी स्वतः काय खेळलो, किती लढाया, कुठं मजा आली, ते लिहून काढलं. माझी लाइन रशियाची होती: सातव्याला आयएस, आठव्याला आयएस-३, नवव्याला टी-१०, दहाव्याला आयएस-७. सातव्यापासून दहाव्यापर्यंत पोचायला मला एक हजार चाळीस लढाया लागल्या होत्या. एक लढाई सरासरी सात मिनिटांची धरली तर एकशेवीस तासांच्या वर. आणि आयएस-७ वर मी आजवर किती लढाया खेळलो? एकशे ऐंशी. म्हणजे ज्या टँकसाठी मी लाइन निवडली त्याच्यात बसलो एक भाग, आणि ज्यांच्याकडे निवडताना बघितलंही नव्हतं त्यांच्यात बसलो जवळपास सहा भाग.

आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच: लाइन तिच्या टोकावरून निवडू नका, मध्यावरून निवडा. तुमचा वेळ मध्यावर जाणार आहे.

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते बघू. अपडेट येतात, आकडे बदलतात, म्हणून मी आकड्यांपेक्षा लाइनींचे स्वभाव सांगतो. स्वभाव सहसा टिकून राहतात.

जर्मनीपासून सुरू करू. टायगर १ सातव्या टियरला. पुढचं चिलखत १०० मिलिमीटर, जवळजवळ उभी भिंत. सरळ समोर उभे राहिलात तर तेवढंच. पण टँक थोडा तिरका केला की गोळ्याला तीच भिंत तिरकी, म्हणजे जास्त जाड, कापावी लागते. हे शाळेतलं त्रिकोणमितीचं गणित आहे: तीस अंश तिरकं केलं की शंभराचे एकशेपंधरा होतात, साठ अंशांत दोनशे. मग साठच का करू नये? कारण मग तुमची ८० मिलिमीटरची बाजू शत्रूसमोर उघडी पडते. म्हणून जर्मन लाइन सगळ्यात आधी एक सवय लावते, नेमकं किती वळायचं याची. शिस्तीचं काम आहे. टायगर २, ई ७५, ई १०० ही फांदी याच शिस्तीवर उभी आहे.

आता रशिया. आयएस-३ चं नाक पाचरीसारखं आहे, दोन उतरत्या पत्र्यांचं. ते सरळ शत्रूकडे धरलं तर दोन्ही पत्रे तिरके पडतात आणि गोळे घसरतात. पण टायगरच्या सवयीनं तुम्ही टँक वळवलात, की एक पत्रा शत्रूच्या बरोबर समोर येतो आणि गोळा आत. जर्मन लाइनीत जी शहाण्याची सवय, तीच इथं मूर्खपणा ठरते. शिवाय रशियन तोफ खाली फार झुकत नाही, पाच-सहा अंश फक्त. टेकडीवरून खाली मारायचं म्हटलं की गोळा आभाळात. पण तोफ दणकट: आयएसची १२२ मिलिमीटरची तोफ एका गोळ्यात सरासरी ३९० नुकसान करते, टायगर १ ची सगळ्यात चांगली तोफ २४०. मात्र आयएसला पुढचा गोळा भरायला खूप वेळ लागतो. एक सणसणीत मारायचा, मागं सरायचं, वाट बघायची. ज्याला वाट बघता येते त्याची ही लाइन.

अमेरिकेचा टी२९ सातव्या टियरला. त्याचं डोकं, म्हणजे टरेट, दगडासारखं, धड मात्र साधारण. तोफ दहा अंश खाली झुकते. म्हणून टेकडीमागं धड लपवायचं, नुसतं डोकं वर काढायचं आणि मारायचं. गॅलरीच्या कठड्यावरून खाली कोण आलंय ते डोकावून बघतो ना आपण, तसं. टी३२, एम१०३, टी११०ई५ सगळे याच वळणाचे. नकाशातले उंचवटे ज्याच्या लक्षात राहतात त्याला ही लाइन सुखाची. हिमेल्सडॉर्फच्या सपाट गल्ल्यांत मात्र लपायला टेकडी नसते, तिथं तुम्हाला दुसरं काहीतरी यावं लागतं.

फ्रान्सची लाइन ऐकून लोक दचकतात. एएमएक्स ५० १००, ५० १२०, ५० बी. हेवी म्हणायचं आणि चिलखत कागदाचं. पण यांच्या तोफेत गोळ्यांची फैरच भरलेली असते. आम्ही खेळायचो तेव्हा ५० १०० मध्ये सहा गोळे, प्रत्येकी ३०० नुकसान, काही सेकंदांच्या अंतरानं एकापाठोपाठ एक. मग पुन्हा भरायला पाऊण मिनिटाच्या आसपास, आणि तेवढा वेळ तुम्ही हात बांधलेले. हे अगदी कबड्डीतल्या चढाईसारखं आहे. दम आहे तोवर आत घुसायचं, गडी मारायचे आणि दम सुटायच्या आत रेषेपार परत यायचं. परत येण्याचा रस्ता आत जाण्याआधी ज्याला दिसतो त्यानंच ही लाइन घ्यावी.

ब्रिटनची फांदी चर्चिल १, चर्चिल ७, ब्लॅक प्रिन्स, कर्नार्व्हन, कॉन्करर आणि सुपर कॉन्करर. पहिले तीन हळू, फार हळू. सातव्या टियरच्या ब्लॅक प्रिन्सचा एक गोळा सरासरी १५० नुकसान करतो. आयएसच्या ३९० समोर हे अगदी केविलवाणं वाटतं. पण तो चार-पाच सेकंदांत पुन्हा मारतो. मारत राहतो. एक गोळा चुकला तर जीव जात नाही, दुसरा आलाच.

आणि धाकट्याची माउसची लाइन. वेग ताशी वीस किलोमीटर. जत्रेतल्या रथासारखं आहे ते: एकदा ज्या दिशेनं निघालात तिकडंच जाणार, मधेच मन बदललं तर वळेपर्यंत लढाई संपते. म्हणून लढाई सुरू होतानाच कुठं जायचं हे कळावं लागतं. माउसचं टरेट मागच्या बाजूला आहे, त्यामुळे कोपऱ्याआडून मागून पुढं नव्हे तर उलटं, पाठीकडून डोकावावं लागतं. ही युक्ती मॉइशेनमध्ये शिकायची असते. धाकट्यानं ते वर्गच पैसे देऊन चुकवले होते.

इथं मला खऱ्या रणगाड्यांची एक गोष्ट सांगू द्या, कारण ती कळल्यापासून मी खेळातल्या झाडाकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

खेळात टी-१० नवव्या टियरला आहे आणि आयएस-७ दहाव्याला. म्हणजे टी-१० ही पायरी, आयएस-७ हे शिखर. प्रत्यक्षात उलटं घडलं. आयएस-७ दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या शेवटी तयार झाला. ६८ टन वजन, १३० मिलिमीटरची तोफ, आणि एवढं असून ताशी साठ किलोमीटरच्या घरात वेग. कागदावर त्याच्यासारखा दुसरा नव्हता. पण ६८ टन कोणत्या पुलावरून न्यायचे? कोणत्या रेल्वेच्या वाघिणीवर चढवायचे? १९४९ मध्ये सोव्हिएत सरकारनं हेवी टँकला ५० टनांची मर्यादा घातली. आयएस-७ चे मोजके नमुने बनले, तेवढेच. त्याच्या जागी एक हलका, साधा टँक बनवला गेला आणि १९५३ मध्ये सैन्यात घेतला गेला. तोच टी-१०. तो हजाराहून जास्त बनला आणि अनेक वर्षं सैन्यात राहिला.

माउसचंही तसंच. फर्डिनांड पोर्शे यांचा आराखडा, १८८ टन. पूल पेलणार नाहीत हे बनवणाऱ्यांनाही माहीत होतं, म्हणून नदीच्या तळातून जायची योजना होती: एक माउस काठावर उभा राहून तारेनं वीज पुरवणार, दुसरा पाण्याखालून पलीकडे जाणार. दोनच बनले. आज मॉस्कोजवळ कुबिंका इथल्या संग्रहालयात जो माउस उभा आहे, तो एकाचं धड आणि दुसऱ्याचं टरेट जोडून केलेला आहे. ई १०० चं तर एक अर्धवट धडच तयार झालं होतं.

सैन्यानं निवड करताना रोज कोणता पूल ओलांडायचा आहे ते आधी बघितलं. आम्ही खेळाडू मात्र शिखराचं चित्र बघून निवडतो. खेळात पूल मोडत नाही हे खरं. पण रोजचा वेळ, रोजची चांदी, आणि रोजची मजा, हे आपले पूल आहेतच.

म्हणून आता कुणी ‘कोणती लाइन घेऊ’ म्हणून विचारलं की मी टँकचं नाव सांगत नाही. मीच चार प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न: तुमच्या हातून चूक होते तेव्हा तुम्हाला कशानं वाचवावंसं वाटतं? चुकणार तर सगळेच. काही जण चुकले की पळतात, त्यांना वेग हवा, आयएस-३ किंवा टी-१० बघा. काही जण चुकले की तिथंच टिच्चून उभे राहतात, त्यांना चिलखत हवं. काही जण मुळात पुढंच जात नाहीत. त्यांनी हेवीच का घ्यायचा, हे स्वतःला विचारावं.

दुसरा प्रश्न: दोन गोळ्यांमधली वाट तुम्हाला बघवते का? यात आपल्याकडच्या खेळाडूंसाठी एक जादा गोष्ट आहे. आशिया सर्व्हर आपल्या देशात नाही. तुम्ही बटण दाबता आणि गोळा सुटतो यात थोडा विलंब असतो, त्याला पिंग म्हणतात. बेळगावात धाकट्याचं पिंग रात्री दीडशेच्या पुढं जायचं. शिवाय या खेळात प्रत्येक गोळ्याचं नुकसान आणि भेदकता सरासरीच्या पंचवीस टक्के इकडंतिकडं होते. ३९० चा गोळा २९३ चाही पडू शकतो आणि ४८८ चाही. पंधरा सेकंदांनी एकदा मारणाऱ्या तोफेत एक गोळा पिंगमुळे चुकला की पाव मिनिटाची कमाई गेली. चार सेकंदांनी मारणाऱ्या तोफेत तो हिशेब आपोआप भरून येतो.

तिसरा प्रश्न: आठवड्याला किती लढाया? महिन्यात शंभर खेळणाऱ्यानं सातव्यापासून दहाव्यापर्यंत जायला वर्षभराची तयारी ठेवावी. आणि चांदी? मी तर दहाव्याला पोचल्यावरही सातव्या-आठव्या टियरवर कमावतो आणि वर खर्च करतो. एक उपयोगाचं सांगतो: एका देशाचे सैनिक दुसऱ्या देशाच्या टँकमध्ये चालत नाहीत. त्यामुळे दुसरी लाइन घ्यायची तर आधीच्याच देशाची घेतली की तयार माणसं हाताशी राहतात. चार देशांच्या चार अर्धवट लाइनी, ही सगळ्यात महाग निवड आहे. मी स्वतः ती करून बसलोय.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: ही लाइन इथंच संपली तर? म्हणजे सातव्या किंवा आठव्या टियरवर पोचलात आणि उद्या कुणी सांगितलं की याच्या वर काही नाही, तर तुम्ही हा टँक ठेवाल की विकाल? ‘ठेवीन’ असं उत्तर आलं तर ती लाइन तुमची. ‘विकीन, पण वरचा चांगला आहे म्हणतात’ असं आलं तर थांबा. शे-दोनशे लढायाच गेल्यात, त्या गेल्या म्हणून पुढच्या हजार घालवू नका.

आता धाकट्याकडे परत येतो.

आमच्या घरातल्या एका लग्नासाठी तिघं पुण्यात जमलो होतो. दुसऱ्या दिवशी मोकळे होतो, म्हणून गाडी काढून अहिल्यानगरला गेलो. नगर म्हटलं तरच पटकन कळेल. तिथं लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. पटांगणात ओळीनं रणगाडे उभे आहेत. १९६५ च्या युद्धातला पॅटन बघायला सगळे थांबतात, आम्हीही थांबलो. धाकटा मात्र पुढं जाऊन चर्चिलजवळ उभा राहिला. त्याला म्हटलं, हा बघ, हा मार्चला निघाला तर पायी चालणारे पुढं जातील. तो म्हणाला, “पण हा खरोखर लढलाय ना, दादा?”

लढला होता. हजारोंनी बनला होता. १९४३ मध्ये ट्युनिशियात लाँगस्टॉप नावाच्या टेकडीवर हे टँक चढले, जिथं रणगाडा चढेल असं समोरच्यांना वाटलं नव्हतं. मी त्याला हे सांगितलं. आणि मग, जे त्या वर्षभरात फोनवर बोलता आलं नव्हतं, तेही सांगितलं. की तू विचारलंस तेव्हा मी तुझ्याकडे बघितलंच नाही, मी माउसकडे बघत होतो.

तो हसला. म्हणाला, “मला हळू टँकचा त्रास नव्हता रे. गोळा भरेपर्यंत नुसतं बसून राहायचं, आणि मारला की चुकायचा, त्याचा होता.”

मी गप्प झालो. कारण त्या वर्षात मी मनाशी ठरवून टाकलं होतं की त्याला वेगवान टँक द्यायला हवा होता, आयएस-७ ची लाइन द्यायला हवी होती. ती तर माझी लाइन. एक सणसणीत मारून वाट बघण्याची. म्हणजे मी पुन्हा सल्ला दिला असता तर पुन्हा चुकीचाच दिला असता, फक्त या वेळी जास्त आत्मविश्वासानं.

लाइन त्यानं स्वतःच निवडली. ब्रिटनची. ज्या ब्लॅक प्रिन्सवर लोक वैतागतात, तो त्याला मनापासून आवडला. हळूहळू जायचं, कोपरा धरायचा आणि चार-पाच सेकंदांनी एक, चार-पाच सेकंदांनी एक, मारत राहायचं. सोनं घेतलं नाही. सध्या तो आठव्या टियरला कर्नार्व्हनवर आहे. कॉन्करर कधी घेणार विचारलं तर म्हणतो, बघू. ब्लॅक प्रिन्स त्यानं विकलेला नाही, अजून अधूनमधून काढतो.

शनिवार पुन्हा सुरू झालाय. साडेनऊऐवजी दहाला, कारण मावसभावाची मुलगी आता साडेनऊला झोपते. मागच्या शनिवारी मालिनोव्हका नकाशा आला. मोकळं मैदान, आमच्या तिघांच्या हेवी टँकांना लपायला काही नाही. तीन मिनिटांत आम्ही तिघंही बाद. मग उरलेली लढाई कुणी बघितली नाही. मामा आता काठीशिवाय चालतात, सकाळी किल्ल्यापर्यंत जाऊन येतात, हे धाकटा सांगत होता.

तुम्हाला कुणी विचारलं, कोणती लाइन घेऊ, तर उत्तर द्यायच्या आधी त्याच्याबरोबर चार लढाया खेळा. तो काय करतो ते बघा. उत्तर बहुतेक तोच देईल.